एकशे एक नंबरची काच

१

बुधवारी सकाळी फेदोराने ‘धुकं’ असं लिहिलेली पेटी उघडली. शंभर नंबरची काच जागेवर होती, एकशे दोनही होती. मधली खाच रिकामी होती.

तिने ‘ऊन’ आणि ‘ढग’ या दोन्ही पेट्या उपसल्या, टेबलाखाली पाहिलं, राखेच्या बादलीतही हात घालून झाला. एकशे एक नंबर कुठेच नव्हता.

साखालीन बेटावरच्या कामेन्स्की पोस्टात, म्हणजे कैद्यांच्या चौकी-वस्तीत, तारऑफिसच्या मागे ही लाकडी खोली होती. तारमास्तर झेबर्गला फोटोचं भारी वेड. बोटीतून कैदी उतरले की तो प्रत्येकाच्या हातात नंबराची पाटी देऊन फोटो काढी. पुढे बेड्या ठोकताना, ओंडके ओढताना, कोबीचं सूप ओरपताना, जसे सापडतील तसे काढी. फोटो काचेवर उतरत, पण त्या काचा नंबरवार लावण्याइतका तो शहाणा नव्हता. ज्या दिवशी जसा उजेड, त्या पेटीत ती काच. त्या काचा धुवायच्या, जपायच्या, छापलेल्या फोटोंवरचे डाग बारीक ब्रशने झाकायचे, हे काम फेदोरा साव्विश्नाचं. अकरा वर्षांपूर्वी तीही बेड्या घालूनच या किनाऱ्यावर उतरली होती. कशाबद्दल, ते पोस्टात कुणी कुणाला विचारत नसे. शिक्षा भोगून ती आता मोकळी होती, पण अशा बाईची साक्ष कागदावर चालत नव्हती.

साक्ष चालली असती तर काचेची गरजच पडली नसती.

दुपारी दोनच्या भरतीला वर्षातली शेवटची बोट सुटणार होती. मग समुद्र गोठायचा तो थेट मे महिन्यापर्यंत. त्या बोटीने निकोन झाव्यालोव नावाचा कैदी चार वर्षं भरून, वर झारची माफी मिळवून घरी निघाला होता. अडचण एवढीच की निघालेला माणूस निकोन नव्हताच. तो त्रोफिम काशिन होता, दोन खून करून जन्मठेपेवर आलेला. आणि खरा निकोन, ज्याने उभ्या जन्मात एक खोटा प्रवास परवाना लिहिला होता, तो काशिनच्या नावाने तुरुंगात होता.

चार वर्षांपूर्वी पोस्टावरून आतल्या तुरुंगाकडे पायी नेताना बर्फ पडलं. निकोन तापाने फणफणला होता. काशिनने आपला मेंढीच्या कातड्याचा कोट पुढे केला आणि म्हणाला, ‘नाव दे, कोट घे.’ कैद्यांत ही रीत जुनीच. सौदा झाला की झाला. जो मोडेल त्याचा काटा त्याचेच सोबती काढत. निकोन शुद्धीवर आला तेव्हा हजेरीत तो काशिन झाला होता. तोंड शिवून बसला बिचारा. एकदाच, दवाखान्यात, त्याने फेदोराला सारं सांगितलं होतं.

“गप्प राहा आणि जिवंत राहा,” ती तेव्हा म्हणाली होती. “बोटीतून उतरताना तुझा फोटो निघालाय, नाव बदललं ते नंतर. तुझी वेळ आली की काच काढू. माझ्या पेटीतून ती जातेय कुठे?”

सोमवारी त्याची वेळ आली. जीव मुठीत धरून त्याने तुरुंगाच्या मोठ्या साहेबांपुढे अर्ज केला. साहेब म्हणाले, बोट सुटायच्या आत काच दाखवा. नाही दाखवली तर खोट्या अर्जाबद्दल याला ढकलगाडीला साखळीने बांधा, जागेपणी आणि झोपेतही, तीन वर्षं. फेदोराला हे कळलं ते आज सकाळी.

फेदोराने पेटीचं झाकण लावलं. आपल्याच भरवशावर हा माणूस चार वर्षं गप्प बसला, हा विचार तिला सुईसारखा टोचत होता. तिने शाल आवळली आणि घड्याळ पाहिलं. नऊ वाजून गेले होते.

२

“चोरी? माझ्याकडे?” झेबर्गने चहाचा पेला खाली ठेवला. “अगं, काचा चोरून कुणी काय करणार?”

“एकच गेलीय, इप्पोलित कार्लोविच. बरोब्बर हवी ती. तुमच्या पेट्यांत मला नाक खुपसायची सवय आहे म्हणून सापडतं. दुसऱ्या कुणाला एकशे एक काढायला सांगा, संध्याकाळपर्यंत शोधत बसेल.”

“वहीत लिहिलेलं असतं की. नंबर, नाव, उजेड.”

“वही कुठाय?”

झेबर्गने कान खाजवला. “ती काय, आत्ताच आली परत. सोमवारी गोलुबकोवने नेली होती. साहेबांसाठी नकल करायला.”

गोलुबकोव म्हणजे तुरुंगाचा कारकून. फेदोराने वही उघडली. पक्क्या शाईत ओळ होती: एकशे एक, निकोन येरोफेयेविच झाव्यालोव, चार वर्षं, धुकं, काच पातळ.

“पातळ म्हणजे चित्र फिकं, वाया गेलेलीच,” झेबर्ग म्हणाला. “त्या दिवशी उजेडच नव्हता. काळ्या टेबलावर ठेवली तर भुतासारखा चेहरा दिसायचा, पण कागदावर धड उतरली नसती. म्हणून छापलीही नाही.”

“आणि खोलीची किल्ली?”

“खिळ्याला. ज्याला हवी त्याने घ्यावी. लपवण्यासारखं आहे काय माझ्याकडे?”

“आता तर काहीच नाही,” फेदोरा म्हणाली.

झेबर्ग ओशाळला. “चिडू नकोस, साव्विश्ना. पण खरं सांगू? ज्याने नेली त्याने ती केव्हाच दगडावर आपटली असेल. नाहीतर समुद्रात फेकली असेल. संपलं.”

फेदोरा दाराशी थबकली. इतका वेळ तिलाही तेच वाटत होतं. पण झेबर्गच्या तोंडून ऐकल्यावर ते किती वेडगळ आहे हे तिला दिसलं.

“तुम्ही शहरातून आलात म्हणून असं म्हणता,” ती म्हणाली. “इथे तडा गेलेली काच लोक दोऱ्याने शिवून लावतात. माणूस मारतील, पण कामेन्स्कीतला कुणी धड काच फोडणार नाही.”

३

पोस्टातल्या बहुतेक घरांच्या खिडक्यांना माशाचं कातडं लावलेलं असे. त्यातून पिवळट उजेड येई आणि वास फुकट. काच लावलेली खिडकी म्हणजे घराची ऐट. कुणाच्या घरात बाळ जन्मलं हे एकवेळ कळणार नाही, पण कुणाकडे काच आली हे सगळ्यांना कळे. फेदोराने दोन घरी नुसतं विचारलं आणि तिला तीन नावं मिळाली.

पहिलं खुद्द झेबर्गचं. त्याच्या काकडीच्या वाफ्यावर चार काचा नव्या होत्या. तिने एकेक उचलून पाहिली. चारही फोटोच्या निकामी काचा होत्या, तिनेच गेल्या महिन्यात सोड्याच्या पाण्यात घासून दिलेल्या.

दुसरा पहारेकरी दोर्मिदोंत. तो काशिनचा खास. दोघं एका चिलमीत तंबाखू ओढत.

“ये मावशी, आमची खिडकी बघायला आलीस?” तो दारातच हसला. “तिकीट लावलं पाहिजे आता.”

“कुठून आणलीस रे?”

“बोटीवरच्या आचाऱ्याने दिली. त्याच्या बदल्यात माझं सुकवलेल्या माशांचं अख्खं पोतं नेलं, मेल्याने.”

काच हिरवट होती आणि बोटभर जाड. फोटोची काच असली जाड नसते. फेदोरा वळली तसा तो मागून म्हणाला, “मावशी, तो काशिन जाऊ दे गं. म्हणजे, निकोन. जो कोण असेल तो. एकाच्या जागी एक माणूस आत आहे, हिशेब सरकारचा चुकत नाही. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?”

“मासे खाऊनच जगते मी,” फेदोरा म्हणाली.

धक्क्याच्या वाटेवर काशिन आपल्या बोचक्यावर बसला होता. गोरापान, धट्टाकट्टा, केस विंचरलेले, दोन्ही कान जागच्या जागी. निकोनच्या डाव्या कानाची पाळी लहानपणी घोड्याने तोडली होती. तो कान पाटी हातात देताना फेदोराने स्वतः पाहिला होता.

“फेदोरा साव्विश्ना, धावपळ चाललीय म्हणे,” काशिन गोड आवाजात म्हणाला. “नाव हे कोटासारखं असतं. ज्याच्या अंगावर, त्याचं.”

तिने त्याच्या कानांकडे पाहिलं. कैद्यांच्या अशा खुणा कुठेतरी लिहून ठेवलेल्या असतात हे तिला आठवलं, आणि ती तुरुंगाच्या कचेरीत शिरली.

कारकून गोलुबकोव बोटं पुसत उठला. नीटनेटका, पातळ ओठांचा. “काच सापडली?”

“नाही. कैद्यांच्या वहीत अंगावरच्या खुणा लिहिता ना तुम्ही, पाफ्नुती सेम्योनिच? काशिनच्या नावापुढे काय आहे?”

त्याने पान न उलटताच सांगितलं. “डाव्या कानाची पाळी नाही.”

“पान न बघता आठवलं.”

“साहेबांनी सोमवारी विचारलं होतं.” तो हसला. “म्हणजे पाहा, वही काय सांगते. तुमचा तुटक्या कानाचा माणूस काशिनच आहे. पहिल्या दिवसापासून.”

पहिल्या दिवसापासून! फेदोरा बाहेर येऊन कुंपणाला टेकली. कैदी वाटेत नावं बदलतात, कोट बदलतात. पण तुटका कान एका नावापुढून उचलून दुसऱ्या नावापुढे ठेवणं हे कैद्याचं काम नव्हे. त्याला लेखणी लागते. ती एकाच्याच हातात होती, आणि काशिनने ती कधीच विकत घेतली असणार. झेबर्गची वहीसुद्धा दोन दिवस त्याच्याच टेबलावर होती.

पण हे सांगून उपयोग काय? साहेबांना काच हवी होती.

तिसरी नवी काच गोलुबकोवच्याच घराला होती. फेदोरा रस्त्यावर उभी राहून त्या खिडकीकडे पाहत राहिली. तळहाताहून थोडी मोठी चौकोनी काच, मातीने बसवलेली, आणि आतून पांढराफटक चुना फासलेला.

बारा वाजले. ती जागची हलली नाही. मग एकदम तिला हसूच आलं. उजेड हवा म्हणून माणूस काच लावतो. आडोसा हवा असेल तर माशाचं कातडं काय वाईट होतं? काच लावायची आणि वर चुना फासून आंधळी करायची, हे कामेन्स्कीत कुणी करील?

करील. ज्याला त्या काचेवरचं काही झाकायचं आहे तो.

४

गोलुबकोवची बायको ख्रिस्तिना पीठ मळत होती. वय पंचविशीचं, चेहरा चाळिशीचा. फेदोराला पाहून तिचे हात थांबले.

“मावशी, ते घरी नाहीत.”

“माहीत आहे. मी तुझ्या खिडकीकडे आले.”

ख्रिस्तिनाने खिडकीकडे पाहिलं नाही. नेमकं पाहिलं नाही, हे फेदोराच्या नजरेतून सुटलं नाही.

“छान काच मिळाली तुला,” फेदोरा बाकावर बसत म्हणाली. “किती वर्षं मागत होतीस?”

“सहा.”

“आणि मिळाल्यावर चुना लावलास.”

ख्रिस्तिनाच्या हातातलं पीठ परातीत पडलं. बाहेर बोटीचा पहिला भोंगा झाला तशी ती दचकली.

“ते म्हणाले, जुनी आहे, वाया गेलेली आहे,” ती हळू बोलू लागली. “म्हणाले, गरम पाण्यात सोडा घालून खरवड, काळं निघून जाईल. मी पाणी ठेवलं. चुलीच्या काळ्या दाराशी काच टेकवली आणि मावशी, आतून माणूस बघायला लागला. डोळे होते त्याला. डोळे खरवडायचे कसे? आमच्या गावी देवाचं चित्र जुनं झालं तरी कुणी फोडत नाही की जाळत नाही, नदीला सोडतात. हा तर जिवंत माणूस असेल कुठेतरी.”

“आहे. तुरुंगात आहे.”

“मला ते ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं. यांना सांगितलं, निघत नाही, चुना लावते. ते म्हणाले, लाव काहीही, पण कुणाला देऊ नकोस.” तिने मनगटाने डोळे पुसले, पीठ गालाला लागलं. “मी दिली तर यांचं काय होईल?”

फेदोराला खोटं बोलता आलं असतं. वेळ कमी होता आणि खोटं सोपं होतं.

“नोकरी जाईल. बेडीही पडेल कदाचित. तू एकटी पडशील.”

“आणि नाही दिली तर?”

“तर तो माणूस ढकलगाडीला बांधला जाईल आणि इथेच मरेल. त्याने फक्त एक परवाना खोटा लिहिला होता, ख्रिस्तिना. आणि मी त्याला सांगितलं होतं, काच कुठे जात नाही.”

ख्रिस्तिना उठली. तिने सुरी घेतली आणि खिडकीच्या कडेची माती खरवडायला सुरुवात केली. काच निघाल्यावर भोकातून गार वारा आत आला. चित्र काचेच्या एकाच बाजूला असतं; चुना नशिबाने दुसऱ्या, गुळगुळीत बाजूला होता. फेदोराने तो ओल्या फडक्याने पुसला आणि काच शालीत गुंडाळली.

“संध्याकाळच्या आत तुला दुसरी आणून देते,” ती म्हणाली.

“तुमच्याकडे कुठे आहे दुसरी?”

“आणून देते म्हटलं ना.”

दुसरा भोंगा झाला.

५

धक्क्यावर सुटलेले कैदी रांगेत उभे होते. मोठे साहेब वालेरियान ओसिपोविच खुर्चीवर, शेजारी गोलुबकोव याद्या आणि कैद्यांची वही घेऊन. बाजूला दोन पहारेकऱ्यांच्या मध्ये खरा निकोन, त्याच जुन्या ठिगळं लावलेल्या मेंढीच्या कोटात. फेदोराने झेबर्गला वहीसकट हाताला धरून ओढत आणलं होतं.

“हुजूर, काच,” ती म्हणाली.

गोलुबकोवचा चेहरा तिच्या शालीहून काळा पडला. साहेबांनी काच हातात घेतली, वरखाली केली. “यात तर सगळं उलटंपालटं. चेहरा काळा, कोट पांढरा. याचा फोटो छापून आणा.”

“ऊन नाही हुजूर, आणि भरती थांबत नाही. काळ्यावर ठेवा, दिसेल.” तिने आपली काळी शाल पिंपावर पसरली.

साहेबांनी काच शालीवर ठेवली, चष्मा नाकावर सरकवला आणि वाकले. पातळ काचेतून, धुक्यातून यावा तसा एक तरुण चेहरा वर आला. छातीवर पाटी, पाटीवर दोन दांड्या आणि मध्ये शून्य.

“एकशे एक,” साहेब म्हणाले. झेबर्गने वही पुढे केली. साहेबांनी वाचलं. “निकोन झाव्यालोव. बरं. आणि कान... हो, कान तुटका आहे.” त्यांनी निकोनला जवळ बोलावलं, कान पाहिला, पुन्हा काच पाहिली. मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“याचा डावा कान तुटका आहे. चित्रातल्याचा उजवा.”

निकोनने मान खाली घातली. गोलुबकोवच्या ओठांवर हसू परत आलं.

“हुजूर, एकवेळ या कानाचं त्या कानाला कळेल,” तो नम्रपणे म्हणाला, “पण या बाजूचा कान त्या बाजूला जात नाही. हा तिसराच कुणी. बाईने कुठली तरी काच उचलून आणलीय.”

लोक हसले. काशिन सर्वांत मोठ्याने हसला. साहेबांनी काच परत द्यायला हात पुढे केला, आणि फेदोराचं लक्ष त्या चित्रातल्या डोक्याकडे गेलं. अर्धं भादरलेलं, अर्धं केसाळ.

“हुजूर, एकच विचारते. बोटीतून उतरलेल्या कैद्याचं आपला न्हावी कुठलं अर्धं डोकं भादरतो?”

“उजवं. नियमच आहे. हे काय विचारणं?”

“सगळ्यांचं?”

“सगळ्यांचं. तुझंही भादरलं असतं, बाई नसतीस तर.”

“मग चित्रात बघा.”

साहेब वाकले. “डावं,” ते सावकाश म्हणाले.

“त्या दिवशी न्हावी प्यायलेला असेल, नाहीतर आपण काच पालथी ठेवली असेल. काचेला दोन बाजू असतात, हुजूर. नाव लिहिलेलं असतं तर अक्षरं उलटी दिसली असती आणि आपल्या लगेच लक्षात आलं असतं. पण एकशे एक हा आकडा मेला असा आहे, की तो दोन्हीकडून एकशे एकच दिसतो.”

तिने पुढे होऊन काच उलटली.

दांड्या दोन, मध्ये शून्य, तसेच राहिले. भादरलेली बाजू उजवीकडे गेली. आणि तुटका कान डावीकडे आला.

साहेबांनी निकोनकडे पाहिलं, मग काचेकडे, मग कैद्यांच्या वहीकडे, जिथे हाच कान काशिनच्या नावापुढे लिहिला होता. त्यांनी गोलुबकोवच्या हातातली यादी काढून घेतली. “हे अक्षर कुणाचं, पाफ्नुती सेम्योनिच?” गोलुबकोव बोटं पुसू लागला.

यादी दोर्मिदोंतला देण्यात आली. त्याने खाकरून वाचलं, “निकोन झाव्यालोव!”

“हजर,” काशिन सवयीने ओरडला. दोन पहारेकऱ्यांनी त्याला दंडाला धरून रांगेबाहेर ओढलं.

“निकोन झाव्यालोव!”

निकोन तसाच उभा. चार वर्षं या नावाला ओ न देण्याची त्याने स्वतःला सवय लावली होती. फेदोराने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“तुलाच बोलावतायत रे. ओ दे.”

“हजर,” तो म्हणाला. इतक्या हळू, की दोर्मिदोंतने कानाला हात लावला. “हजर!”

फळीवर पाय ठेवण्याआधी तो थांबला, अंगातला कोट काढला आणि काशिनच्या पायाशी ठेवला. बाहेर बोचरा वारा होता आणि आत त्याच्या अंगात नुसता सदरा. कुणीतरी बोटीवरून त्याच्या अंगावर घोंगडी टाकली. बोट वळेपर्यंत तो कठड्याशी उभा राहून फेदोराकडे पाहत राहिला, आणि तीही पाहत राहिली.

६

एकशे एक नंबरची काच तिने ‘धुकं’ लिहिलेल्या पेटीत परत ठेवली आणि या वेळी खोलीची किल्ली आपल्या गळ्यात अडकवली.

मग घरी जाऊन तिने आपल्या एकुलत्या एक खिडकीची माती खरवडली. ती काच मिळवायला तिला सात वर्षं लागली होती. भोकाला माशाचं कातडं खिळ्यांनी ठोकलं तशी खोली पिवळी झाली. तिने नाक मुरडलं आणि काच शालीत गुंडाळून निघाली.

ख्रिस्तिना चूल न पेटवता बसली होती. खिडकीच्या भोकात उशी कोंबलेली होती. नवऱ्याचं काय झालं ते तिला कळलं होतं. डोळे सुजले होते. दोघींनी मिळून उशी काढली, काच बसवली, कडेने ओली माती लिंपली. शेवटचा उजेड आत आला आणि परातीतल्या वाळलेल्या पिठावर पडला.

ख्रिस्तिनाने सवयीने कोपऱ्यातल्या चुन्याच्या मडक्याकडे पाहिलं.

“हिला चुना लावू नकोस,” फेदोरा म्हणाली. “चूल पेटव. मीही सकाळपासून काही खाल्लं नाहीये.”